पाव गाडी विटा

मथुराचा मुदतीचा ताप एकविसाव्या दिवशी उतरला आणि तिथून तिच्या नवऱ्याचे, शालिकराम मिस्त्रीचे वाईट दिवस सुरू झाले, असं पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर एकच्या त्या क्वार्टरांच्या लाईनीतले लोक पुढे कितीतरी वर्षं सांगत. हे सांगणं जरा अन्यायाचं आहे. वाईट दिवस खरं तर आधीचे एकवीस होते. पण त्यांत हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते कोणी सांगत नाही.

त्या एकवीस दिवसांत घर चाललं ते शेजारच्या सिंधुताईंमुळे. त्यांचा नवरा भाऊराव कारखान्यात क्रेन चालवायचा, आणि उंचावरून पाहायची सवय असल्यामुळे खाली उतरल्यावर सगळ्यांना सल्ले द्यायचा. शालिकराम कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांना आतून विटा लावणारा मिस्त्री. ते काम अर्ध्यावर टाकून घरी बसता येत नसे. तो ड्युटीवरून परतायचा तेव्हा अंगण झाडलेलं असायचं, चूल पोतारलेली असायची, आणि सिंधुताई मथुराच्या उशाशी बसून कपाळावरची ओली पट्टी बदलत असायच्या. शालिकराम दारात उभा राहून विचारायचा, "पानी आणू का?" सिंधुताई म्हणायच्या, "आणलं." एवढंच बोलणं व्हायचं. पवनीकडे, जिथून तो आला होता, शेजाऱ्याचे आभार मानायची पद्धत नव्हती. आभार सभेत मानतात, ते चिटणीस मानतो, आणि तोवर लोक चपला शोधायला उठलेले असतात.

तर ताप उतरला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मथुराला तपासून सांगितलं की आतडी नाजूक झाली आहेत, पंधरा दिवस भाकरी नको, डाळ नको, तिखट तर मुळीच नको. दूध आणि डबलरोटी द्या. तोवर शालिकरामने साबुदाण्याची पेज करून पाहिली होती, भाताची पेज करून पाहिली होती. मथुरा दोन चमचे घ्यायची आणि तोंड भिंतीकडे करायची. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून आवाज खाली आणला.

"ताप गेला, पण पोटात काही जात नाही. या आठवड्यात खायला लागली नाही तर मला भरती करून घ्यावं लागेल."

भरती या शब्दाची शालिकरामला धास्ती होती. त्याची आई भंडाऱ्याला भरती झाली होती, ती घरी आली नव्हती.

डबलरोटी ही त्या काळी आजाऱ्याची वस्तू. धडधाकट माणूस ती खात नसे. सेक्टर एकमध्ये ती मिळायची ती दुर्गहून सायकलवर पत्र्याची पेटी बांधून येणाऱ्या पाववाल्याकडे. पण वाटेत साहेबलोकांचे बंगले आणि होस्टेल लागायचं, त्यामुळे शालिकरामच्या लाईनीत पोचेपर्यंत पेटीत फक्त वास उरायचा. एकदा मोठ्या मिनतवारीने एक पावरोटी मिळाली. टिचकी मारली तर ती लाकडासारखी वाजली. मथुराने ती नाकाजवळ नेली आणि बाजूला ठेवली.

"याले पेटीचा वास येऊन राहिला, जी."

तेव्हा शालिकराम म्हणाला, आणि दुर्दैवाने भाऊरावने ते कुंपणापलीकडून ऐकलं, "हजार डिग्रीच्या भट्ट्या बांधतो मी. एक पाव भाजणं का मोठी गोष्ट हाये?"

पहिला प्रयोग भाऊरावच्या सल्ल्याने झाला. भाऊरावच्या मते पाव फुगतो तो सोड्याने, आणि जास्त फुगायला हवा असेल तर जास्त सोडा. पॉवर हाऊस नावाच्या वस्तीतल्या बाजारात किराणावाल्याने मैदा मागितल्यावर विचारलं, "शादी है क्या घर में?" शालिकराम म्हणाला, बिमारी आहे. किराणावाल्याने लग्नाला देतात त्याहून चांगला मैदा काढून दिला. पातेल्यात वाळू, वाळूवर डबा, डब्यात मैद्याचा गोळा, खाली सिगडी. दोन तासांनी जे निघालं ते पिवळं होतं आणि त्याला कपड्याच्या साबणाची चव होती. लाईनीतल्या मांजरीने ते हुंगलं, शालिकरामकडे एकदा पाहिलं आणि ती दुसऱ्याच्या अंगणात गेली. पुढे आठ दिवस ती त्याच्याकडे फिरकली नाही.

मग कोणीतरी त्याला जानरावचं नाव सांगितलं. दुर्ग स्टेशनजवळ ड्रायव्हर आणि गार्ड मुक्काम करतात त्या रनिंग रूममध्ये जानराव खानसामा होता. मूळचा उमरेडचा. इंग्रज गार्डांच्या वेळेपासून पाव भाजत आलेला. सुट्टीच्या दिवशी शालिकराम सायकल हाणत दुर्गला गेला. जानरावने सगळं ऐकून घेतलं, सोड्याचं ऐकताना डोळे मिटले, आणि आतून एक चिनी मातीची बरणी आणली. तिच्यात पांढरट, बुडबुडे येणारं काहीतरी होतं.

"हे खमीर. पाव फुगते तो याच्यानं. हे जिवंत असते, मिस्त्री. रोज सकाळी एक मूठ मैदा अन् कोमट पानी द्या. याले भूक लागते."

शालिकरामच्या मनात आलं, आता घरी खाऊ घालायला दोन जण झाले, आणि खाणारा त्यातला हा एकच.

बरणी हातात देताना जानराव थांबला. "माझ्या हातचं हाये. तुमच्या घरी चालंन ना?"

शालिकरामला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा कान तापले. "दादा, ती जेवली पायजे. बाकी मले काई समजत नाई."

जानरावने मग त्याला अर्धा तास बसवून सगळं शिकवलं. पीठ किती मळायचं, किती वेळ झाकून ठेवायचं, आणि भट्टी तापली की नाही हे कसं ओळखायचं: तळावर चिमूटभर मैदा टाकायचा आणि दहा आकडे मोजायचे. काळा पडला तर थांबायचं, बदामी झाला तर पाव आत. "अन् भट्टी विटांची पायजे," तो म्हणाला. "सिगडीवर पाव होत नाई, करपट होते." निघताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती: बरणीचं झाकण घट्ट लावू नका. पण शालिकरामने आयुष्यभर भट्ट्यांच्या फटी बुजवल्या होत्या. सैल झाकण त्याला पाहवेना. त्याने ते घट्ट बसवलं, वर फडकं बांधलं आणि बरणी कॅरिअरला लावली.

खमीर रेल्वे फाटकापर्यंत शांत राहिलं. फाटक बंद होतं, राजहऱ्याकडून लोहखनिजाची लांबलचक मालगाडी येत होती, आणि ऊन पाठीवर होतं. गाडीचे अर्धे डबे गेले असतील, तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला. झाकण उडून मागे उभ्या असलेल्या बैलगाडीत पडलं. खमीर शालिकरामच्या पाठीवर, मानेवर आणि केसांत. बैलगाडीवाल्याने झाकण परत दिलं, नाक वर केलं आणि सावकाश जा, घरी लेकरंबाळं असतील, असं दारुड्याला सांगावं तसं समजूतदारपणे छत्तीसगढीत म्हणाला, "धीरे चलाबे भैया. घर मा लइका-बच्चा होही."

बरणीच्या तळाशी चार बोटं खमीर उरलं होतं. ते छातीशी धरून, आंबट वासाने घमघमत तो लाईनीत शिरला. संध्याकाळची वेळ, सगळे दारात. भाऊराव काही बोलला नाही, आणि भाऊराव बोलला नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं. सिंधुताई मात्र कमरेला पदर खोचून समोर आल्या.

"शालिकभाऊ, बायको अंथरुणावर हाये अन् तुमी पिऊन येऊन राहिले?"

"ताई, हे खमीर हाये."

"नाव काईबी ठेवा. वास मले समजते."

दारू न पिता दारुड्याचं तोंड घेऊन घरात जाणं किती कठीण असतं, ते ज्याच्यावर बेतलं त्यालाच ठाऊक. खाटेवरून मथुराने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. महिन्याभरात तो पहिल्यांदा हलला होता. शालिकरामने अंघोळ करताना ठरवलं की झालं ते काही अगदीच वाया गेलं नाही.

आता भट्टी. तिच्यासाठी विटा हव्या होत्या, आणि त्या एका ठेकेदाराच्या यार्डात तुटक्या, टाकाऊ म्हणून पडल्या होत्या. पन्नास-साठ मिळाल्या तरी पुरे. शालिकरामने वाटेत वाक्य पाठ केलं: पाव की भट्टी के लिए थोड़ी टूटी-फूटी ईंटें चाहिए, साहब. यार्डाच्या ऑफिसातला बाबू तोंडात पान धरून रजिस्टरात वाकला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "ईंट? कितनी?"

"जी, पाव…"

बाबूने लिहून टाकलं. पुढचं वाक्य शालिकरामच्या तोंडातच राहिलं, कारण खिडकी बंद झाली होती. जेवणाची सुट्टी.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईनीत ट्रक आला. ड्रायव्हरने कागद दाखवला. कागदावर लिहिलं होतं, पाव गाडी; तुटक्या-फुटक्या हा शब्द बाबूपर्यंत पोचलाच नव्हता, विटा चांगल्या होत्या. पाव गाडी म्हणजे किती विटा असतात, हे शालिकरामला ड्रायव्हर त्या उतरवत असताना कळलं. अंगण भरलं, तुळस झाकली गेली, भाऊरावच्या कुंपणाला टेकून तिसरी रास लागली. परत न्यायला सांगितलं तर ड्रायव्हर म्हणाला की त्याच्याकडे आणायचा कागद आहे, न्यायचा नाही.

इथे शालिकरामचा स्वभाव आडवा आला. चारशे चांगल्या विटा समोर आणि हातात थापी. कोणताही खरा मिस्त्री पन्नास विटांवर थांबला नसता. तो दोन दिवस ड्युटीनंतर मातीच्या गाऱ्यात विटा बसवत राहिला. मथुराची खाट मागच्या अंगणात उन्हाला काढलेली असायची. ती पडल्या पडल्या पाहायची. तिसऱ्या दिवशी भट्टी उभी राहिली तेव्हा ती कमरेइतक्या ओट्यावर छातीपर्यंत उंच होती, वर कमान, समोर दार, मागे धुराडं. त्या कमानीत एक वीट इकडची तिकडे झाली नव्हती. तिच्यात एका वेळी तीस पाव बसले असते.

"एका माणसासाठी एवढी?" मथुरा म्हणाली.

"विटा होत्या ना," शालिकराम म्हणाला.

एवढी उंच गोष्ट रस्त्यावरून दिसणारच. क्वार्टरांची पाहणी करणारे इन्स्पेक्टर दयाराम, उतईकडचे, सायकल टेकवून आत आले. विनापरवानगी बांधकाम हा मोठा गुन्हा होता, क्वार्टर काढून घेण्याइतका. त्यांना येताना पाहून लाईनीने घाईघाईने सल्ले दिले. भाऊराव म्हणाला, "मंदिर हाये म्हणून सांग. मंदिराले कोणी हात नाई लावत." सिंधुताई, ज्यांना दारूचा खुलासा आता पटला होता, म्हणाल्या, "कोंबड्यांचं खुराडं म्हणा."

"ये का बनाय हस, मिस्त्री?" दयारामांनी विचारलं.

"खुराडं," भाऊराव कुंपणावरून म्हणाला.

"कुकरी कहाँ हे?"

"चरायले गेल्या."

दयारामांनी भाऊरावकडे पाहिलं नाही. त्यांनी भट्टीभोवती एक फेरी मारली, कमानीवरून हात फिरवला, आत डोकं घालून पाहिलं आणि कौतुकाने म्हणाले, "बढ़िया काम हे. एतका पक्का काम साहब के बंगला मा घलो नइ हे."

साहेबाच्या बंगल्यातही एवढं पक्कं काम नाही म्हटल्यावर शालिकरामची छाती फुगली. आयुष्यात इन्स्पेक्टरने कधी त्याच्या कामाची तारीफ केली नव्हती. "पचास साल हिलेगा नहीं, साहब," तो म्हणाला.

दयारामांनी वही काढली. "पचास साल," त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि मग पेन्सिल थांबवली. खाटेवर मथुरा होती. गालाची हाडं वर आलेली, हात चादरीवर ठेवलेला, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. दयारामांनी शालिकरामला बाजूला घेतलं आणि हळूच नियम समजावला. पक्कं बांधकाम असेल तर तोडावं लागेल आणि वर जबाबही द्यावा लागेल. कच्चं असेल, तर तो तात्पुरता चूल्हा. चूल्ह्याला परवानगी लागत नाही.

"पक्का हे के कच्चा हे, ये तैं लिख के दे. सोच के."

शालिकरामने भट्टीकडे पाहिलं, मग कमानीकडे, मग खाटेकडे. दयारामांनी सांगितलं आणि त्याने लिहिलं: ही भट्टी मातीत जोडलेली असून कच्ची आहे. जोडकाम कमजोर आहे. पहिल्या पावसात ती आपोआप पडेल. खाली सही. सहीपुढे हुद्दा लिहावा लागतो असं कळल्यावर त्याने विनंती केली की मिस्त्री हा शब्द तेवढा वगळावा. दयाराम म्हणाले, नियम आहे. तेव्हा त्याने तोही लिहिला. वीस वर्षांच्या कामात त्याने एवढं खोटं कधी लिहिलं नव्हतं. पण कागद देताना त्याने दयारामांना जो नमस्कार केला तो दोन हातांनी होता.

रविवारी भट्टी पेटली. पण चारशे विटांची भट्टी एका पावासाठी पेटवणं म्हणजे लाकडाचा खून, असं सगळ्या लाईनीचं मत पडलं. म्हणून मैदा घरोघरून आला, आणि साचे नव्हते म्हणून भांडीही आली: डबे, गंज म्हणजे उभी पातेली, वाट्या, एक पितळी तपेली. शालिकराम परातीत पीठ मळायला बसला. तो दोन्ही मुठींनी असा भिडला की परात सरकत सरकत मोरीपर्यंत गेली.

"गारा कालवून राहिले का?" खाटेवरून आवाज आला.

"मंग कसं?"

"तळव्यानं. रेटा, मंग दुमडा. अन् पानी थोडं. जीव हाये का त्याच्यात, का मारून टाकलं?"

"तू येऊन दाखव मंग," शालिकराम चिडून म्हणाला, आणि बोलल्यावर त्याला वाईट वाटलं. पण मथुरा उठून बसली. भिंतीला धरून उभी राहिली. चार पावलं चालली, परातीपाशी टेकली आणि बारीक झालेल्या हातांनी पीठ दोनदा रेटून दाखवलं. तेवढ्याने तिला धाप लागली. सिंधुताईंनी कुंपणावरून पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या.

मैद्याची पहिली चिमूट भट्टीत पडल्या पडल्या काळी झाली. दुसरीही. दहावीही. शालिकरामने लोखंड वितळेल असली भट्टी बांधली होती, ती थंड व्हायला दुपार लागली. तोवर लोक येऊन पाहून जात होते आणि भाऊराव आकडे मोजत होता. शेवटी एकदा दहा म्हणताना मैदा बदामी दिसला. भांडी आत गेली, दार विटांनी बंद झालं. अर्ध्या तासाने लाईनीत एक वास सुटला. पाववाल्याच्या पेटीत उरायचा तसा शिळा वास नव्हता हा. या वासाने माणसं हातातलं काम ठेवून अंगणात आली.

मागच्या रांगेतली भांडी काळीच निघाली. पण पुढच्या रांगेत पाव फुगले होते, वरून लालसर, कुठे तपेलीच्या आकाराचे, कुठे वाटीएवढे. शालिकरामने एक फोडला, वाफ निघाली. त्याने तुकडा गरम दुधात बुडवला आणि मथुरापुढे धरला. ती हुंगायला थांबली. मग तिने खाल्लं. चावून, सावकाश. दुसरा तुकडा तिने स्वतः बुडवला. वाटी संपली तेव्हा तिने वर पाहिलं.

"अजून हाये का, जी?"

शालिकरामला धूर लागला असावा, कारण त्याला दोनदा डोळे पुसावे लागले.

एक पाव त्याने फडक्यात बांधून बाजूला ठेवला, तो उद्या दुर्गला जानरावकडे जायचा होता. एक दयारामांसाठी, एक डॉक्टरांसाठी. बाकीचे घेऊन तो लाईनीत निघाला, ज्याच्या भांड्यात त्याचा पाव. आणि तिथे नवीनच अडचण उभी राहिली: मैदा आणि भांडी लोकांनी दिली होती ती आजाऱ्यासाठी म्हणून, डबलरोटी आपल्याही दारात येईल हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. पहिल्याच दारात बाईने डबा पाहून हात मागे घेतला. "आमच्या इथं कोणी बिमार नाई, भाऊ." पुढच्या घरी म्हातारा घाबरून म्हणाला, "कोणाले काय झालं?" तिसऱ्या घरी सरळ दार लोटून घेतलं. डबलरोटी दारात येणं अपशकुनासारखं होतं. शालिकराम प्रत्येक दारात उभा राहून सांगत होता की कोणी आजारी नाही, हा असाच आहे, खायला आहे. पण असाच म्हणजे कशाबद्दल, हे काही त्याला सांगता येत नव्हतं.

सिंधुताईंच्या दारात तो शेवटी पोचला. त्या तांदूळ निवडत होत्या. त्याने पाव पुढे केला.

"मले कायले?" त्या म्हणाल्या. "मी का बिमार हाओ?"

"नाई." शालिकरामने चपलेच्या अंगठ्याकडे पाहिलं. एकवीस दिवसांच्या ओल्या पट्ट्या, झाडलेलं अंगण, पोतारलेली चूल, सगळं त्याला बोलायचं होतं. सभेत चिटणीस काय म्हणतात ते आठवायचाही त्याने प्रयत्न केला. मग तो म्हणाला, "ताई, मथुरा जेवली."

सिंधुताईंचा हात सुपातच थांबला. "किती?"

"एक वाटी. वरून मागितलं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला, खांदे हलत होते. भाऊराव आतून आला, दोघांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच कोणताही सल्ला न देता चुलीवर चहाचं आधण ठेवायला गेला.

"बसा शालिकभाऊ," सिंधुताई शेवटी नाक पुसत म्हणाल्या. "अन् आणा तो पाव इकडं. आमी बिमार नसलो तरी खाऊ."